जुन्या पिकअपसाठी काढता-घालता येणारा फायबरचा टप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात जुन्या जीप आणि पिकअप दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याचं काम करतो. इंजिनाबद्दल जितके फोन येत नाहीत तितके टपाबद्दल येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. खाली 'टप' म्हणजे हौद्यावर बसणारं छप्पर, 'झडप' म्हणजे टपाचं मागचं दार, 'हौदा' म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, 'फाळका' म्हणजे मागचं खाली पडणारं दार आणि 'कड' म्हणजे हौद्याच्या पत्र्याची वरची वळवलेली पट्टी. आकडे साधारण १.८ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद हौद्यासाठी आहेत. तुमच्या गाडीचं माप वेगळं असेल तर त्या हिशोबाने घ्या.

१. ताडपत्रीचं हूड आहे की! मग फायबरचा टप कशाला?

ताडपत्री स्वस्त आहे, घडी होते, आणि जुन्या जीपला शोभतेही. पण महामार्गावर ती फडफडते, शिवणीतून पाणी झिरपतं, आणि कुलूप लावता येत नाही. पत्र्याचा टप मजबूत असतो, पण जड होतो आणि गंजतो. फायबर गंजत नाही, हवा तो आकार घेतं आणि घरच्या घरी दुरुस्त होतं. गाडी महिन्यातून एकदा रविवारी बाहेर काढणार असाल तर मात्र ताडपत्रीच बरी. उगाच खर्चात पडू नका.

२. वजन किती भरेल? दोघांना उचलेल का?

दोन फूट उंचीचा टप धरला तर सगळं मिळून सहा चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग येतो. प्रश्न ६ मधले थर दिले तर नुसता टप ३५ ते ३८ किलो, आणि काचा, मागची झडप, क्लॅम्प धरून ४५ किलोपर्यंत जातो. दोघांना उचलतो, पण आकार बेढब असल्याने चौघं असलेले बरे. कारागीर 'मजबूत करून देतो' म्हणत पाच-सहा थर चढवतात आणि टप ७० किलोवर जातो. मग तो काढता येणारा राहत नाही. एकदा चढवला की चढवला.

३. माप कसं घ्यायचं? कंपनीचं ड्रॉइंग मिळालं तर चालेल का?

ड्रॉइंग विसरा. पन्नास वर्षं ऊस, खत, वाळू वाहिलेल्या हौद्याला ड्रॉइंग आठवत नसतं. गाडी सपाट कोब्यावर उभी करा, चारही टायरांत हवा सारखी भरा आणि हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. माझ्याकडे आलेल्या एका जीप पिकअपचे कर्ण १९ मिलिमीटरने वेगळे निघाले. मालक म्हणाले, "आधी हौदा सरळ करा." हौदा सरळ करायला गेलो असतो तर जुने स्पॉट वेल्ड सुटले असते, रंग गेला असता, आणि फाळका बसेनासा झाला असता. त्यापेक्षा टपच तेवढा तिरका केला. तो चौकोनी नाही हे आजवर कुणाच्या नजरेला आलेलं नाही.

पद्धत अशी. सहा मिमी प्लायच्या पट्ट्या कडेवर ठेवा, एकमेकींना स्क्रूने जोडा, आणि हौद्याची बाहेरची रेघ पेन्सिलने खालून उतरवून घ्या. पट्टीवर 'पुढे' आणि 'डावीकडे' असं मोठ्या अक्षरात लिहा. ही सूचना पोरकट वाटली तरी पाळा. मी एकदा चौकट उलटी धरून साचा केला आहे. कड सगळीकडे एका पातळीत आहे का हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघा. बहुतेक वेळा मधोमध ती बसलेली असते. ती उणीव मापात धरायची नाही, शेवटी गाडीवरच छापून घ्यायची (प्रश्न १२).

४. एकाच नगासाठी साचा बनवणं परवडतं का?

गणपतीवाले किंवा कूलिंग टॉवरवाले करतात तसा पक्का फायबरचा साचा एका नगासाठी परवडत नाही. आधी मूळ नमुना घडवायचा, त्यावर साचा ओढायचा, मग साच्यात नग काढायचा, म्हणजे तिप्पट काम. एका नगासाठी सनमायकाचा डबा करा. सनमायका लावलेल्या फळ्या चकचकीत बाजू आत ठेवून टपाच्या आकाराची उलटी पेटी जोडायची, म्हणजे टपाचं छत पेटीच्या तळाला येतं. गुळगुळीत सनमायकावर जे पडेल ते तितकंच गुळगुळीत निघतं. घासायचं काम निम्म्याने वाचतं.

तीन गोष्टी सांभाळा. एक, तळ सपाट ठेवू नका. पातळ सनमायका प्लाय खालच्या कमानदार फळ्यांवर वाकवून २५ ते ३० मिमीचा बाक द्या. कारण प्रश्न १० मध्ये. दोन, टपाच्या बाजू छताकडून खालच्या कडेकडे (म्हणजे उलट्या पेटीत तळाकडून तोंडाकडे) किंचित उघडत जाऊ द्या, ३ ते ५ अंश पुरतात. अगदी काटकोनात ठेवल्या तर टप साच्यातून निघणार नाही. तीन, आतल्या सगळ्या कोपऱ्यांत मुलांच्या खेळण्यातली माती भरून गोल चमच्याने ओढा, निदान १० मिमीची गोलाई यायला हवी. मॅट (काचतंतूंची चटई) काटकोनात वळत नाही. कोपऱ्यात हवा अडकते, आणि वरून सुंदर दिसणारा कोपरा पहिल्याच दगडाने अंड्याच्या कवचासारखा फुटतो.

५. थर्माकोल कापून त्याच्यावरच मॅट मारली तर?

मॅट ज्यात भिजवतात त्या पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन हे द्रावक असतं, ते थर्माकोल विरघळवतं. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. पीयू फोम चालतो. थर्माकोलच वापरायचा हट्ट असेल तर त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी गच्च लावा, एकही फट ठेवू नका.

६. रेझिन कोणतं, मॅट किती आणि एकूण माल किती आणायचा?

साधं पॉलिस्टर रेझिन चालतं. पाण्या-उन्हाला आयसोफ्थॅलिक जास्त टिकतं, आणि टप उन्हातच राहणार असल्याने थोडा जादा पैसा तिथे घालावा. इपॉक्सीच्या नादी लागू नका. बाजारातल्या बऱ्याच मॅटचा बाइंडर (तंतू धरून ठेवणारा गोंद) स्टायरीनमध्येच विरघळतो. इपॉक्सीत तो सुटत नाही आणि मॅट ताठच राहते.

थर असे: जेलकोट (सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर) अर्धा मिमी, त्यामागे ३०० ग्रॅमची (चौरस मीटरला) मॅट एक थर, मग ४५० ग्रॅमची दोन थर. कडेला आणि काचांच्या भोवती आणखी दोन. पहिला थर पातळ मॅटचा ठेवण्याचं कारण म्हणजे त्यातली हवा रोलरने सहज निघते. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागतं. पट्ट्या आणि वाया जाणारं धरून मॅट ११-१२ किलो, रेझिन ३० किलो, जेलकोट ४ किलो, अ‍ॅसिटोन ५ लिटर. भाव लिहीत नाही, ते महिन्याला बदलतात. हे आकडे घेऊन दुकानात जा, म्हणजे 'अंदाजे' बिल होणार नाही.

जेलकोट दोन हातांत द्या. दुसरा हात बोटाला चिकट लागला, पण बोटावर आला नाही, की मॅट सुरू. घाई केली किंवा जेलकोट पातळ मारला तर मागच्या रेझिनमधलं स्टायरीन त्याला खातं आणि पृष्ठभाग बेडकाच्या पाठीसारखा सुरकुततो.

७. हार्डनर किती घालायचा? माझी बादली गरम होऊन धूर यायला लागला.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. अंदाजाने झाकणभर ओतायचं नाही, सोनाराचा नसला तरी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. एक टक्क्याच्या खाली कधी जाऊ नका. रेझिन उशिरा घट्ट होतं ते ठीक, पण पुरतं पिकतच नाही आणि टप वर्षभर वास मारत राहतो.

धूर का येतो? रेझिन पिकताना स्वतःच उष्णता सोडतं. पसरलेलं असेल तर ती हवेत जाते; बादलीत साठलेलं असेल तर ती आतच कोंडते आणि काम आणखी वेगाने होतं. सांगलीत कुपवाडच्या एका शेडमध्ये मे महिन्यात दुपारी दीड वाजता मी चार किलो एकदम कालवलं होतं, दोन टक्क्यांनी. दोनेक हात फिरवून होतात तोवर बादलीत खरवसासारखी वडी जमली, मग तिला भेगा पडल्या आणि पांढरा धूर निघाला. प्लॅस्टिकची बादली खालून वितळली. तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरुवात, नऊला बंद, आणि एका वेळी एक किलो तेही पसरट ट्रेमध्ये. धूर यायला लागलाच तर भांडं उघड्यावर नेऊन ठेवा, आत तोंड घालून बघू नका.

आता जिवाशी येणारी गोष्ट. रेझिनमध्ये कोबाल्ट (पिकण्याचा वेग वाढवणारं रसायन) आधीच घातलेलं आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या. नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात, आणि मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोघांना एकच चमचाही नको. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावाच, आणि गेलाच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धूत राहून तडक दवाखाना. तोंडाला रुमाल बांधून स्टायरीनची वाफ अडत नाही, त्याला कार्ट्रिजचा मास्क लागतो.

८. पावसाळ्यात काम चालेल का?

सांगली-मिरजेकडे उघडीप बघून जमतं. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-महाबळेश्वरच्या अंगाला, जून ते सप्टेंबर नाद सोडा. मॅट हवेतला ओलावा धरते, रेझिन दुधाळ होतं आणि थर नीट धरत नाहीत. पावसात करायचंच असेल तर मॅट रात्रभर बंद खोलीत बल्बखाली ठेवा. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम.

९. दोन दिवस झाले, आतली बाजू अजून चिकटच आहे. हार्डनर कमी पडला का?

बहुतेक नाही. हवेला लागलेला पॉलिस्टरचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो, हवा त्याला पिकू देत नाही. नखाने दाबून बघा: खाली टणक असेल तर सगळं ठीक. शेवटच्या हातात मेणमिश्रित रेझिन वापरलं की पृष्ठभाग कोरडा होतो. पण मेणाचा हात शेवटचाच, त्यावर थर द्यायचा झाला तर आधी घासावं लागतं. नख खाली रुतत असेल तर मात्र हार्डनर कमी किंवा जुना होता. उघडून वर्षभर ठेवलेली बाटली मला एकदा नवी म्हणून मिळाली होती. टप उन्हात ठेवून बघा, नाही सुधारला तर तो थर खरवडून काढावा लागतो.

१०. टप मधोमध दाबला की 'टक्' वाजतो.

छत सपाट झालंय. बाक दिलेला पातळ पत्रा ताठ राहतो, सपाट पत्रा डबडबतो. नव्याने करणाऱ्यांनी प्रश्न ४ मधला बाक द्यावा. झालेल्या टपाला आतून दोन-तीन आडव्या पट्ट्या घाला: उभा चिरलेला एक इंची पीव्हीसी पाइप किंवा पीयू फोमची पट्टी ठेवायची आणि त्यावर दोन थर मॅट, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पसरून. ताकद त्या मॅटच्या कमानीची आहे, पाइप फक्त आकारापुरता.

११. साच्यातून टप निघतच नाही. तोडू का?

थांबा. आधी कडांना लाकडी पाचरी हलक्या हाताने फिरवत घाला, लोखंडी पहार नको. साच्याला आधी लावलेल्या मेणावर पीव्हीएचा (नग सुटावा म्हणून मारायच्या द्रवाचा) हात दिला असेल तर फटीत पाणी सोडा; पीव्हीए पाण्यात विरघळतो. सनमायकाचा साचा असेल तर बाहेरचे स्क्रू काढून फळ्या एकेक सोडवा, तो एकाच नगासाठी होता. पुढच्या वेळी मेणाचे निदान पाच-सहा हात, प्रत्येक हात पुसून चमकवून.

१२. गाडीला भोक न पाडता टप बसवता येतो का?

येतो, आणि तसाच बसवायचा. हा टप दहा-पंधरा वर्षांनी तुम्हीच बदलाल. गाडी तुमच्या मुलाकडे जाणार आहे. कडेला पाडलेल्या बारा भोकांतून पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं, आणि गंज रंगाखालून चालत जातो. माझ्याकडे येणाऱ्या पाचातल्या तीन गाड्यांचा हौदा असाच, आधीच्या कुणाच्या तरी टपाच्या बोल्टांनी खाल्लेला असतो.

आधी कड छापून घ्या. हौद्याच्या कडेवर चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक लावून तिला मेण द्या, त्यावर तुमच्या रबराच्या (प्रश्न १५) दाबलेल्या जाडीइतके तुकडे ठेवा आणि टप त्यावर मांडा. आता रेझिनमध्ये चुन्याची पूड आणि मॅटचे बारीक तुकडे कालवून केलेली लांबी (पुट्टी) टपाच्या खालच्या कडेला भरा, वरून वजन ठेवा. पिकल्यावर उचललं की हौद्याचा प्रत्येक उंचवटा टपाच्या कडेवर उमटलेला असतो. त्या कडेला दोन थर मॅट देऊन बंद करा. असा टप फक्त त्याच गाडीला बसतो, दुसरीला नाही.

मग पकड. जुन्या पिकअपच्या कडेला आत वळवलेली पट्टी असते. तिच्या खालून धरणारी 'झेड' आकाराची पाती, पातीला रबर, आणि वर टपातून येणारा ८ मिमी बोल्ट. नट टपाच्या कडेत तीन मिमी प्लेटवर वेल्ड करून ती प्लेट मॅटखाली गाडून टाका, नुसत्या फायबरला आटे टिकत नाहीत. प्लेट आणि बोल्ट स्टेनलेस घ्या. काही हौद्यांना जाळीच्या खुंट्यांसाठी चौकोनी खाचा असतात. त्या असतील तर कोपऱ्यांची पकड तिथेच घ्या, कंपनीने भोक तुमच्यासाठी आधीच पाडून ठेवलंय. एकूण सहा पकडी: चार कोपरे, दोन मध्ये.

१३. टप केबिनला पण जोडला तर जास्त पक्का होईल ना?

नाही, तडकेल. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की दोघं एकमेकांशी पिळतात. गाडीचं एक पुढचं चाक फूटभर उंच दगडावर चढवा आणि केबिन-हौद्यामधली फट वरून बघा, तुम्हालाच दिसेल. मध्ये २५ ते ३० मिमी मोकळे ठेवा. धूळ नको असेल तर तिथे मऊ फोमची वळी घाला.

१४. महामार्गावर उडून जाणार नाही ना? ४५ किलो आहे की!

वजनाच्या भरवशावर राहू नका. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३० किलो येतो, १०० ला ४७ च्या आसपास. छत अडीच चौरस मीटर धरलं तर वाईट अवस्थेत ८० च्या वेगालाच ७५ किलोची उचल होऊ शकते. मागची झडप उघडी असेल तर आतूनही दाब येतो. खंबाटकीच्या उतारावर समोरून येणारा वारा त्यात आणखी भर घालतो. सहाही पकडी हव्यात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून बोल्ट पुन्हा आवळा, रबर बसतं.

१५. फाळक्याच्या कोपऱ्यात पाणी येतंच.

सगळ्यांच्याच येतं. हौद्याच्या तीन बाजूंना 'डी' आकाराचं ईपीडीएम रबर अखंड फिरवा, तुकडे जोडू नका. मागची झडप फाळक्याच्या बाहेरून निदान २५ मिमी खाली उतरली पाहिजे, आतून नव्हे. एवढं करून चार थेंब आले तर हौद्याची मूळ पाण्याची भोकं मोकळी आहेत ना ते बघा आणि सोडून द्या.

१६. टप लावल्यापासून आत धुराचा वास येतो.

मागची झडप उघडी ठेवून चालवताय. गाडीमागे हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो. झडप बंद करा, किंवा पुढचीही खिडकी उघडा म्हणजे हवा पुढून मागे वाहील. यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. वास येतो तो बाकीच्या धुराचा. सायलेन्सरचा पाइप झडपेच्या पलीकडे बाजूला काढलेला असावा.

१७. काच लावू की अ‍ॅक्रिलिक?

सेफ्टी ग्लास. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, पण वर्षभरात ओरखडे पडून धुरकट होतं. बाजूच्या काचेतून ५० टक्के आणि मागच्या काचेतून ७० टक्के उजेड पार व्हावा लागतो, त्यामुळे काळी फिल्म नको. 'एच' आकाराच्या लॉकवाल्या रबरात बसवा. रबराचा कोपरा काचेच्या कोपऱ्याइतकाच गोल कापा.

१८. रंग टिकत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे ठिपके पडतात.

साच्याचं मेण राहिलंय. घासायच्या आधी मेण काढणाऱ्या द्रवाने दोनदा पुसा, प्रत्येक वेळी नवं फडकं. मग ३२० चा वॉटर पेपर, प्रायमर, पीयू रंग. काळा किंवा गडद रंग टाळा, उन्हात टप तापून आतली मॅट पृष्ठभागावर उमटते. केबिन गडद असेल तर टप फिका पांढरा ठेवा.

१९. आरटीओ अडवेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून टप बोल्टने सुटणारा ठेवा, नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकू नका, हौद्याची लांबी-रुंदी वाढवू नका. टपाचं वजन मालाच्या मंजूर वजनातून वजा होतं हे लक्षात घ्या. फोटो आणि वजन लिहून आपापल्या कार्यालयात, म्हणजे एमएच-११ साताऱ्याला, एमएच-५० कराडला, एमएच-१० सांगलीला, आधी लेखी विचारून पोच घ्या. पासिंगला जाताना टप घरी ठेवणं सगळ्यात सोपं.

२०. माझी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. टप चालेल?

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज धरतात. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नवी नोंदणी १० वर्षांची, शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. म्हणजे १९८८ साली आलेली टाटा मोबाइल कितीही जुनी वाटली तरी तूर्त यात बसत नाही. प्रश्न १२ प्रमाणे केलेला टप तपासणीआधी अर्ध्या तासात उतरतो, आणि खाली एकही नवं भोक सापडत नाही. व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. मग टपाची गरज किती, ते तुम्हीच ठरवा.

२१. आत बाकडी टाकून माणसं बसवली तर?

नको. माल वाहायच्या हौद्यात माणसं बसवायची नसतात, टप असला तरी. धुराचं प्रश्न १६ मध्ये वाचलंच आहे.

२२. काढलेला टप ठेवायचा कुठे?

जमिनीवर ठेवलात तर चारही कडा लाकडी ओंडक्यांवर सारख्या टेकू द्या. दोनच कोपऱ्यांवर महिनाभर राहिला तर पिळतो आणि परत गाडीवर बसत नाही. उत्तम म्हणजे शेडच्या तुळईला दोन कप्प्या बांधून वर ओढून घ्या, गाडी खाली आणली की एकटा माणूसही उतरवतो. कृष्णाकाठी राहत असाल तर तो दोराने पक्का बांधूनच ठेवा. २०१९ च्या ऑगस्टसारखं पाणी चढलं तर मोकळा ठेवलेला टप, उलटा असला तर होडीच होते, आणि सकाळी दुसऱ्याच्या अंगणात शोधायला लागते.